दार उघडले, पान वाढले काय?

जुन्नर व आंबेगाव येथील डोंगरपट्ट्यांतील महादेव कोळी, ठाकर व कातकरी मुलांसही संगणकाची विद्या मिळावी, हे आता कोणीही मान्य करील. २०१६ साली निघालेल्या ‘नवगुरुकुल’ संस्थेने तर गरीब घरांतील मुलींस पुण्यातही निवासी शाळेत ठेवून प्रोग्रामिंग शिकविले. परंतु आमच्या मते खरी कसोटी पुढेच आहे. अशी शाळा वाढली व तीत शिकलेली डोंगरातील मुलगीच शिक्षिका झाली, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत ती मानाने बसते काय? तिच्या बोलीस कोणी हसते काय? सभेत तिचे मत विचारले जाते काय? तसे नसेल, तर आपण दार उघडले खरे. पंगतीत पान मात्र वाढले नाही. विद्यार्थिमित्रहो, ही सवय वर्गातील बाकावरच लागते. उद्या आपल्या शेजारी कोणास बसवाल?