वसतिगृहातून घरी परतलेली पिढी आणि आपण

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद येथे शिकायला गेलेली आपली मुले-मुली गावाकडे परतली. कित्येकांची पुस्तके वसतिगृहाच्या खोलीतच राहिली. आठ-पंधरा दिवसांत सारे सुरळीत होईल, असे तेव्हा सर्वांनाच वाटले होते. प्रत्यक्षात काय झाले ते आपण पाहिले. त्या वर्षीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत मूल्यमापन आणि मागील सत्राचे गुण यांच्या आधारे पुढच्या वर्गात ढकलण्यात आले. त्यांच्या पाठोपाठ ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांनी तर महाविद्यालयाची पायरीही पाहिली नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेळापत्रकाप्रमाणे त्यांचे वर्ग नोव्हेंबर २०२० पासून सुरू व्हायचे होते. राज्यातील महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून अर्ध्या उपस्थितीने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा सुरू झाली. म्हणजे या मुलांचे पहिले वर्ष घरातच सुरू झाले आणि घरातच संपले.

या गोष्टीला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. साथ ओसरली, लोक विसरले. परंतु ज्या समाजाने शिक्षणाच्या बळावर गावकुसाबाहेरून विद्यापीठापर्यंत मजल मारली, त्या समाजाला हे विसरून चालणार नाही. त्या काळात आपली किती मुले महाविद्यालयातून कायमची गळाली आणि जी टिकली ती कोणाच्या आधाराने टिकली, याचा हिशेब आपण मांडलाच पाहिजे.

प्रथम वर्षाच्या मुलाचा प्रश्न वेगळा असतो. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय माहीत असते, प्राध्यापक ओळखतात, त्याच्याभोवती चार मित्र असतात. प्रथम वर्षाचा मुलगा नुकताच गावातून उठून आलेला असतो. इंग्रजीतील व्याख्यान त्याच्या डोक्यावरून जाते, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे त्याला विचारत फिरावे लागते. घरात तो पहिलाच महाविद्यालयात गेलेला असेल, तर सल्ला देणारेही कोणी नसते. अशा वेळी त्याला घरी पाठवले, तर नुकताच जोडलेला धागा तुटायला वेळ लागत नाही.

शासनाने मात्र एका परिपत्रकाने सारे शिक्षण ऑनलाईन करून टाकले. प्रत्येक घरात टेबल आहे, खुर्ची आहे, संगणक आहे, असे गृहीत धरण्यात आले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीचे २०१७-१८ चे आकडे सरकारकडेच होते. त्यानुसार देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांत संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के होते आणि इंटरनेटची सोय ग्रामीण भागातील १४.९ टक्के कुटुंबांतच होती. हे आकडे माहीत असताना घेतलेला निर्णय कोणाच्या मुलांसाठी होता, हे वेगळे सांगायला नको. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे वर्ग कोठे भरणार? एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात, आणि बाप कामाच्या शोधात बाहेर!

अशा परिस्थितीत आपल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येत होते, "आम्हाला काय कळतंय त्यातलं?" आईबाप हे नम्रतेने म्हणतात. परंतु या वाक्याने आपले फार मोठे नुकसान केले आहे. शिकवणे हे प्राध्यापकाचे काम आहे, आईबापाचे नाही. आईबापाचे काम शिकण्याला जागा करून देण्याचे आहे आणि त्यासाठी अक्षरओळखसुद्धा लागत नाही.

सुभेदार रामजींचे उदाहरण आपल्यासमोर आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब, सरपण, भांडीकुंडी आणि धूर. त्या खोलीत भीमरावांचा अभ्यास कसा झाला, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. रामजी मुलाला लवकर झोपवत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोनला भीमरावांना उठवत आणि मग त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर अंग टाकत. पुस्तकाला पैसे नसले, तर सासरी गेलेल्या लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. रामजी स्वतः शिकलेले होते, हे खरे. पण रात्री दोनपर्यंत जागायला पदवी लागत नाही!

टाळेबंदीच्या काळात असे रामजी आपल्या वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत अनेक होते. सिंधुदुर्गात २०२० च्या पावसाळ्यात मुंबईहून परतलेल्या एका पशुवैद्यकीय विद्यार्थिनीला घरी मोबाईलची रेंज मिळत नव्हती. घरच्या माणसांनी जिथे रेंज मिळते त्या डोंगरावर तिच्यासाठी झोपडी उभी केली. त्यांना तिचा अभ्यासक्रम कळत होता काय? तिला काय हवे आहे, एवढे त्यांना कळले आणि तेवढे पुरेसे होते. कोणी शेळी विकून मोबाईल आणला, कोणी तासाभरासाठी दूरदर्शन संच बंद ठेवला, कोणी "पोराचा वर्ग चालू आहे" म्हणून पाहुण्याला बाहेर ओट्यावर बसवले. यालाच पाठिंबा म्हणतात.

परंतु दुसरी बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. मुलगी घरी आली की तिच्या हाती भाकरीचे पीठ आणि धुण्याची बादली आली. भाऊ वर्गाला बसला आणि बहीण चुलीशी. त्यात लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती. "खर्च वाचतोय, उरकून घेऊ," असा विचार अनेक घरांत झाला. शाळकरी मुलीचे लग्न असले तर निदान कोणी तक्रार करते. महाविद्यालयात गेलेली मुलगी कायद्याने सज्ञान, म्हणून तिला कोणी अडवले नाही आणि तिने सोडलेल्या शिक्षणाची कोठे नोंदही झाली नाही. जो समाज सावित्रीबाई आणि रमाई यांचे नाव घेतो, त्या समाजात मुलीचे महाविद्यालय लग्नाच्या खर्चाच्या बेरजेत बुडावे, ही शोचनीय बाब आहे.

मुलांचे वेगळे झाले. बापाची मजुरी बंद पडली, तेव्हा मुलगा वीटभट्टीवर, गॅरेजवर, सामान पोहोचवण्याच्या कामावर गेला. त्यात गैर काही नाही. घरात चूल पेटली पाहिजे. पण "महाविद्यालय सुरू झाले की जाईल" हे ठरलेले होते, त्याचे काय झाले? हाती चार पैसे येऊ लागले, महाविद्यालय उघडायला वर्ष लागले आणि तात्पुरते काम कायमचे झाले. परत पाठवण्याची तारीख घरात कोणी लक्षात ठेवली नाही. आईबापांनी त्या दिवसांत आठवड्यातून एकदा जरी विचारले असते, "कॉलेजचा काही फोन आला काय? फॉर्मची तारीख कधी आहे?" तरी अनेक धागे टिकले असते.

आणखी एक नाजूक बाब आहे. घरी परतलेले मूल बोलत नाही. आपल्यामुळे घरावर कर्ज झाले, आपल्या मोबाईलसाठी आईने मंगळसूत्रातले मणी मोडले, हे त्याला दिसत असते. दिल्लीच्या एका नामांकित महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या तेलंगणातील गुणवंत विद्यार्थिनीने नोव्हेंबर २०२० मध्ये आपले जीवन संपवले. वडील दुचाकी दुरुस्तीचे काम करणारे, घर गहाण पडलेले, लॅपटॉप नाही आणि वसतिगृहाची जागा सोडायची वेळ आलेली. आपण घरच्यांवर भार झालो आहोत, ही भावना त्या मुलीच्या मनात होती. तिच्या आईबापांनी काही कमी केले नव्हते. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह ही ज्या व्यवस्थेची जबाबदारी होती, ती व्यवस्था तिथे कमी पडली. म्हणूनच आपल्या मुलांना उघड शब्दांत सांगितले पाहिजे की, बाळा, तू ओझे नाहीस, पैशाचे आम्ही बघतो आणि वर्ष गेले तरी चालेल. "परीक्षा न देता पास झालेली बॅच" हा टोमणा बाहेरचे मारतील. तो घरात उच्चारला जाता कामा नये.

तथापि, सारा भार आईबापांवर टाकून मोकळे होणे हा शहाजोगपणा ठरेल. रामजींची ऐपतही एके ठिकाणी संपली. इंटरनंतर भीमरावांचे शिक्षण अडले, तेव्हा केळुस्कर गुरुजी पुढे झाले, त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. आधी घर, मग समाज आणि मग राज्य असे तीन आधार मिळाले, तेव्हा ते शिक्षण पूर्ण झाले. २०२० मध्ये आपल्या मुलांना यातील किती आधार मिळाले?

समाज म्हणून आपण काय केले, हा प्रश्न नोकरदार वर्गाने स्वतःला विचारावा. २०२० आणि २०२१ ची जयंती आपण घरातच साजरी केली. मिरवणुका नव्हत्या, डीजे नव्हता. वाचलेल्या वर्गणीतून अनेक ठिकाणी धान्यवाटप झाले, ते योग्यच होते. पण किती विहारांत मुलांना अंतर ठेवून बसायला जागा, वीज आणि इंटरनेट मिळाले? घरात पडून असलेला जुना संगणक किती अधिकाऱ्यांनी वस्तीतल्या मुलाला दिला? फार थोड्यांनी.

आणि राज्याचे काय? बाबासाहेबांनी १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. मुलाला शिकायचे तर आधी राहायला जागा आणि पोटाला अन्न हवे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. त्यांच्याच नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून राज्यात आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये देण्याची तरतूद त्यात होती. वसतिगृह बंद झाले म्हणून विद्यार्थ्याची भूक बंद होत नाही आणि मुलगा गावी आला म्हणून शहरातल्या खोलीचे भाडे थांबत नाही. तेव्हा वसतिगृहे व महाविद्यालये बंद ठेवण्याची वेळ पुन्हा आली, तर निर्वाह भत्ता त्याच महिन्यात विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झाला पाहिजे, अभ्यासाचे साधन शासनाने दिले पाहिजे आणि ज्यांच्या घरी बसायला जागा नाही त्यांच्यासाठी वसतिगृहे सर्वांत आधी उघडली पाहिजेत. महाविद्यालय उघडले आणि वसतिगृह बंद राहिले, तर खेड्यातल्या मुलासाठी महाविद्यालय बंदच असते. या मागण्या साथ आल्यावर करून उपयोग नाही, त्या आजच लावून धरल्या पाहिजेत.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. जी मुले तेव्हा सुटली, ती आज तेवीस-चोवीस वर्षांची आहेत. त्यांचे वय गेलेले नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले होते. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मागे रमाईंनी घर ओढले. अर्धे राहिलेले शिक्षण पूर्ण करता येते, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

तेव्हा आईबापांनो, आपल्या घरात, भावकीत, वस्तीत २०२० नंतर महाविद्यालय सोडलेले कोणी असेल, तर त्याची बारावीची गुणपत्रिका ट्रंकेतून बाहेर काढा. जुन्या महाविद्यालयात जाऊन विचारा. तिथे जमत नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र शोधा. सून म्हणून आलेली मुलगी प्रथम वर्षातून सुटलेली असेल, तर तिलाही बसवा. सासूसासरेही आईबापच असतात. मुलगा कामावर जात असेल, तर जाऊ द्या, संध्याकाळचे दोन तास मात्र त्याला मागून द्या. आम्हाला त्यातले काय कळते, असे यापुढे म्हणू नका. मुलाला शिकायचे आहे, एवढे आपल्याला नक्की कळते आणि आपले काम तिथूनच सुरू होते.