दाढ काढणे स्वस्त, राखणे महाग

हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार, मूत्रपिंडाचे विकार अशा मोठ्या आजारांत गरीब कुटुंब कर्जात बुडू नये यासाठी सरकारने गेल्या काही वर्षांत बरेच काही केले, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेखाली पात्र कुटुंबाला रुग्णालयात दाखल होऊन वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य घेता येतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्या जोडीने राबविली जाते. परंतु या योजनांची सारी मांडणी रुग्णालयातील खाटेभोवती झालेली आहे. जो खाटेवर पडत नाही, तो त्यांच्या लेखी जवळजवळ रुग्णच नव्हे. दातांचा रुग्ण नेमका या वर्गात मोडतो. अपघातात जबडा मोडला तर योजना मदतीला येऊ शकते; दाढ किडली तर येत नाही. बहुतेक खासगी आरोग्य विम्यांचीही हीच तऱ्हा आहे. साहजिकच दातांच्या नेहमीच्या उपचाराचा खर्च रुग्णाच्या खिशातूनच होतो, आणि खिसा रिकामा असेल तर उपचारच होत नाही.

हा प्रश्न मूठभरांचा असता तर त्याकडे झालेले दुर्लक्ष एक वेळ समजू शकले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे आणि त्यांत दातांची कीड सर्वाधिक आढळते. या विकाराने माणूस सहसा दगावत नाही. त्यामुळे त्याची नोंद मृत्यूच्या आकड्यांत होत नाही, आणि जे त्या आकड्यांत दिसत नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळणे कठीण असते.

दाताच्या किडीचे अर्थशास्त्र मोठे विलक्षण आहे. कीड वरवर असताना ती कोरून सिमेंट भरले की थोडक्या पैशांत काम भागते. ती मज्जेपर्यंत पोहोचली की रूट कॅनॉल आणि त्यावर कॅप असा काही हजारांचा खर्च उभा राहतो. तोही टाळला की अखेरीस दाढ काढावी लागते आणि हे काम पुन्हा स्वस्तात होते. म्हणजे पहिली आणि शेवटची पायरी गरिबाच्या आवाक्यात, मधली मात्र नाही. पहिल्या पायरीवर दाढ दुखत नसल्याने तो दवाखान्याची वाट धरत नाही; दुखू लागते तेव्हा मधल्या पायरीचा खर्च झेपत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. एका दाढेचा उपचार ५ हजारांत झाला असे धरले, तरी ती १६ दिवसांची मजुरी झाली. शिवाय हा उपचार बहुधा एका फेरीत संपत नाही. प्रत्येक फेरीला तालुक्याच्या गावचे एस. टी.चे भाडे आणि एक बुडालेला रोज मोजावा लागतो. अशा स्थितीत मजूर ‘काढूनच टाका’ म्हणतो, तेव्हा त्याला अडाणी ठरविणे हा अन्याय होय. त्याचा हिशेब चुकलेला नसतो. त्याच्यापुढे ठेवलेले पर्यायच चुकीचे असतात.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण नशिबाला बोल लावण्यासाठी वापरली जाते. येथे मात्र नशिबाचा संबंध नाही. चाळिशीतच दाढा गमावलेल्या माणसाला भाकरी कुस्करून खावी लागते, याचे कारण व्यवस्थेत शोधले पाहिजे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात अल्प दरात चांगले उपचार मिळतात. अनेक खासगी दंत महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी रुग्णांची गरज असल्याने दर कमी असतात. परंतु ही सोय शहरांपुरती आहे. धडगाव किंवा भामरागडच्या रहिवाशाला तिचा उपयोग काय?

उपचार नाही म्हणून वेदना थांबत नाही. मग ती मारण्यासाठी मिश्री हाताशी येते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांवर घासली की ठणका काही काळ बधिर होतो आणि पाहता पाहता सवय जडते. राज्यातील एक-चतुर्थांशाहून अधिक प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करतात, असे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसून आले होते. या सेवनातून पुढे तोंडाचा कर्करोग उद्भवला, तर त्याच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजनेची तिजोरी उघडते. आरंभीच्या शेकड्यांसाठी हात आखडायचा आणि अखेरच्या लाखांसाठी तो सैल सोडायचा, याला काटकसर म्हणता येणार नाही.

दंतवैद्य पुरेसे नाहीत, ही सबबही आता टिकत नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खासगी आहेत. भरमसाट शुल्क भरून पदवी घेतलेला तरुण कर्ज काढून खुर्ची आणि यंत्रे विकत घेतो, तेव्हा त्याने खेड्यात जाऊन नाममात्र दरात काम करावे ही अपेक्षा भाबडी ठरते. दोष त्याच्याकडे जात नाही. शासनाने खेड्यात त्याच्यासाठी पगाराची जागा आणि चालू स्थितीतील साहित्य ठेवले, तर तो तेथे जाणारच नाही असे मानण्याचे कारण नाही.

दातांचा सगळा खर्च सरकारने उचलणे कोणत्याही तिजोरीला परवडणार नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो निराधार नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की सारे अंदाज कोलमडले. १९५१ मध्ये सरकारने कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसविला आणि त्याच्या निषेधार्थ या सेवेचे जनक अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मात्र या इतिहासाचा बोध अर्धाच घेतला जातो. ती झुंबड पिढ्यान् पिढ्यांच्या उपेक्षेची थकबाकी होती. थकबाकी एकदम फेडणे जड जाते हे खरे. पण म्हणून ती वाढू देणे हा उपाय होत नाही.

ती वाढू नये यासाठी लागणारी साधने साधी आहेत. विजेची यंत्रे न वापरता हातातील अवजारांनी कीड कोरून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. हे सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दातांची तपासणी अभिप्रेत आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत मुखआरोग्याचा उल्लेख आहे. २०२५ च्या सप्टेंबरात टूथपेस्टवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हेही स्वागतार्ह आहे. उणीव आहे ती या तुटक गोष्टी जोडण्याची. शाळेत तपासणी होऊन कागदावर ‘कीड’ अशी नोंद झाली, तरी ती कीड त्याच महिन्यात, त्याच गावात बुजविली गेली नाही तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही. तपासणी करणाऱ्या पथकाबरोबर दाढ भरणारा दंतवैद्यही शाळेच्या व्हरांड्यात बसला पाहिजे. महिनाअखेरीची ओढाताण ठाऊक असलेल्या कारकून-शिक्षकांच्या घरांतही दातांचा खर्च पुढे ढकलला जातो. तेव्हा हा केवळ मजुरांचा प्रश्न आहे, असेही नव्हे.

मोठ्या आजारांसाठी योजना जाहीर झाली की तिचा समारंभ होतो. आठ वर्षांच्या मुलाची दाढ वेळीच भरली, तर त्याची बातमी होत नाही. पण तीस वर्षांनंतर तो मुलगा भाकरी चावून खाईल की कुस्करून, हे त्या बिनबातमीच्या कामावरच ठरणार आहे.