झोपवणारे आणि वाकवणारे

म्हैसूरमध्ये कंबर धरली की खाटेभोवती दोन टोळ्या जमतात. पहिली झोपवणाऱ्यांची: गादी काढा, फळी टाका, पंधरा दिवस उठायचं नाही. दुसरी वाकवणाऱ्यांची: अहो, योगाच्या गावात राहता आणि कंबर दुखते म्हणता? उद्या पहाटे वर्गाला या. दोन्ही टोळ्यांना माझा साष्टांग नमस्कार; सध्या तो उभ्यानेच घ्यावा.

फळीचा सल्ला देणारा स्वतः फळीवर झोपलेला मी अजून पाहिलेला नाही. डॉक्टरांनीही हे पंधरा दिवसांचं खूळ वर्षानुवर्षं पोसलं. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं, तर सात दिवस पडून राहिलेल्यांना दोन दिवसवाल्यांपेक्षा काही जास्त मिळालं नव्हतं, कामाचे दिवस तेवढे जास्त बुडाले. १९९५ साली हेलसिंकीत पालिकेच्या कर्मचाऱ्यांवर त्याहून मजेशीर प्रयोग झाला. काहींना दोन दिवस अंथरूण, काहींना पाठीचे व्यायाम, आणि बाकीच्यांना सांगितलं की झेपेल तसे रोजचे व्यवहार करा. हे बाकीचेच सगळ्यांत लवकर सावरले. अंथरूणवाले सगळ्यांत मागे राहिले, आणि ताजं दुखणं घेऊन व्यायामाला जुंपलेलेही पहिले आले नाहीत, हे वाकवणाऱ्यांनी कान देऊन ऐकावं.

त्यांचा तोरा मोठा. १९३३ साली म्हैसूरचे महाराज कृष्णराज वोडेयर यांच्या आश्रयाने इथल्या जगनमोहन राजवाड्यात योगगुरू कृष्णमाचार्यांची योगशाळा सुरू झाली. तिथे घाम गाळायची ती तरणी पोरं. त्यांची चपळाई आता योगवर्गांच्या वस्तीत, गोकुळम्‌मध्ये चटया घेऊन आलेल्या, आणि बँकेत खुर्ची उबवून रिटायर झालेल्यांच्या मणक्यांकडून मागायची! एका वर्गात माझ्या पाठीवर हात ठेवून गुरुजी म्हणाले, ‘भीती सोडा.’ मी वर्ग सोडला. याच शाळेत आपले मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे शिकून पुण्याला गेलेले बी. के. एस. अय्यंगार १९७९ साली स्कूटरच्या अपघातात पाठीला मार बसल्यावर काय करत होते, हे या मंडळींनी वाचावं. जन्मभर आसनं केलेला तो माणूस आधाराची साधनं घेऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून लागला.

खरी गोची बरं वाटू लागल्यावर होते. दसरा आला की इथे घरोघरी गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात. आठवडाभर पडून असलेल्या बाईला एका सकाळी जरा मोकळं वाटतं, ती माळ्यावरची बाहुल्यांची ट्रंक ओढून काढते आणि संध्याकाळी पुन्हा आडवी होते. निदान तयार असतं: ‘हालचाल केली ना, भोगा.’ रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अंगलट आली ती ट्रंक. म्हणून मी कुक्करहळ्ळी तळ्यावर चालते ती घड्याळाच्या हुकमाने. थोडं ठणकलं म्हणून थांबायचं नाही, झकास वाटतंय म्हणून लांबवायचं नाही. ठरलेली मिनिटं संपली की घर. पुढच्या आठवड्यात त्यात थोडी भर. दुपारी गुडघ्यांखाली उशी घेऊन घटकाभर पडायचं, मग कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठायचं. यात ना शौर्य, ना कुणाची फी.

अर्थात पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठा. ताप किंवा पडल्याचा मार असेल तरीही डॉक्टरकडेच.

राहिली विश्रांती. पुरुषाची कंबर धरली की घर त्याच्या उशाशी चहा नेऊन ठेवतं. बाईची धरली की तिला पट्टा आणून देतात, आणि पट्टा आवळून तीच बादली उचलते. ‘वाकू नका, वजन उचलू नका,’ असं मला चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून मिळालं. डॉक्टरसाहेब, ही चिठ्ठी माझ्या नवऱ्याच्या नावाने द्यायला हवी होती.