इथरनेटची वाट आणि मक्तेदारीचा प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत सारे लक्ष एनव्हिडियाच्या प्रोसेसरांवर खिळलेले असते. त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांकडे क्वचितच कोणी पाहते. हजारो प्रोसेसर एकच काम वाटून घेतात तेव्हा प्रत्येकाला आपले उत्तर इतरांना कळवून त्यांच्या उत्तरांची वाट पाहावी लागते. एकाचा निरोप उशिरा पोहोचला की बाकीचे खोळंबतात आणि कोट्यवधींचे भांडवल स्वस्थ बसून राहते. एनव्हिडियाने २०१९ मध्ये मेलानॉक्स ही इस्रायली कंपनी सुमारे ६९० कोटी डॉलरला घेण्याचे ठरविले, त्यामागील हिशेब हाच होता. ‘इन्फिनीबँड’ या वेगवान जोडणीची कार्डे आणि स्विच ही मेलानॉक्सची ख्याती. २०२० च्या एप्रिलमध्ये व्यवहार पुरा झाला आणि यंत्रांबरोबर त्यांच्यामधील वाटही एकाच मालकाकडे गेली.

या वाटेचे वैशिष्ट्य समजण्यासाठी सरकारी कचेरी डोळ्यांपुढे आणावी. आलेला कागद आधी आवक-जावक लिपिकाकडे नोंदला जातो, मग मुख्य लिपिकाच्या टेबलावर येतो आणि अखेरीस फायलीत लागतो. संगणकांच्या नेहमीच्या जाळ्यातही असेच घडते. आलेली माहिती ऑपरेटिंग सिस्टिम आधी आपल्या ताब्यात घेते, तपासते आणि मग तिची नक्कल हव्या त्या जागी ठेवते. यात मुख्य प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो. ‘रिमोट डायरेक्ट मेमरी ॲक्सेस’, म्हणजे आरडीएमए, या पद्धतीत स्मृतीचा एक कप्पा आधीच नेमून त्याची किल्ली दुसऱ्या संगणकाला दिलेली असते. त्यानंतर दोन्हीकडील नेटवर्क कार्डे परस्पर माहिती त्या कप्प्यात ठेवतात किंवा तेथून उचलतात. परवानगी आरंभी एकदाच. दर कागदामागे सही नाही.

मात्र वाटेत काही हरवणार नाही, हे यात गृहीत धरलेले असते. इन्फिनीबँडमध्ये पुढे जागा असल्याची हमी मिळाल्याखेरीज पाकीट निघतच नाही. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या इथरनेटचा स्वभाव नेमका उलटा आहे. गर्दी झाली तर पाकिटे टाकून द्यावीत. ज्याची हरवली त्याने ती पुन्हा पाठवावीत. या साधेपणामुळे आणि १९८३ मध्ये सर्वांसाठी खुले मानक झाल्यामुळे अनेक कंपन्यांनी इथरनेटची सामग्री बनविली आणि ती स्वस्त झाली. या स्वस्त वाटेवरून आरडीएमए चालविण्याची ‘रॉकी’ ही पद्धत २०१० मध्ये आली, आणि २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्या कार्डांना हानी फारशी सोसत नसे. एक पाकीट हरवले तर त्यामागची सारी पुन्हा पाठवावी लागत. म्हणून गर्दी दिसताच स्विचने मागच्या स्विचला ‘थांबा’ असे सांगण्याची सोय जोडण्यात आली.

येथेच अडचण सुरू होते. एका चौकातील खोळंबा मागच्या चौकात पोहोचतो आणि ज्यांचा त्या गर्दीशी संबंधही नाही, त्यांची वाहतूकही अडते. एकाच्या वर्तनाचा भुर्दंड दुसऱ्याने भरण्याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडायचे नाही. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या निबंधात याची कबुली दिली. एक बिघडलेले कार्ड सतत ‘थांबा’ म्हणत राहिले तर जाळ्याचा मोठा भाग ठप्प होई. कधी स्विच एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकून पडत. यावर उपाय निघाले, परंतु ते निष्णात माणसांच्या सततच्या देखरेखीवर चालतात. तात्पर्य, इथरनेटची सामग्री स्वस्त असली तरी तिच्या खर्चाचा एक वाटा बिलातून निघून पगारपत्रकात जातो. मोठ्या कंपन्यांना तो पेलतो, विद्यापीठांना पेलेलच असे नाही.

तरीही हा मार्ग अशक्य नाही. मेटाने २०२४ च्या मार्चमध्ये प्रत्येकी २४,५७६ प्रोसेसरांचे दोन समूह जाहीर केले. एक रॉकीवर, दुसरा इन्फिनीबँडवर. लामा ३ या प्रतिमानाचे प्रशिक्षण रॉकीच्या समूहावर जाळ्याच्या अडथळ्याविना चालल्याचे कंपनीने सांगितले. २०२३ च्या जुलैमध्ये एएमडी, ब्रॉडकॉम, सिस्को, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आदींनी ‘अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियम’ स्थापन केले आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. पाकिटे अनेक वाटांनी विखरून पाठवावीत, ती क्रम सोडून आली तरी चालावीत, एखादे हरवले तर तेवढेच पुन्हा मागवावे, असा त्याचा रोख आहे. यात परोपकार आहे असा कोणाचा समज नसावा. एनव्हिडियाला सामग्रीसाठी पैसे मोजणारे आणि तिच्याशी स्पर्धा करणारे येथे एकत्र आले आहेत. पुढे स्वतः एनव्हिडियाही त्यात सामील झाली. कागदोपत्री इन्फिनीबँडही खुले मानकच आहे. पण मानक खुले आणि दुकान एकच, अशी स्थिती असेल तर त्या खुलेपणाचा खरेदीदाराला उपयोग कोणता?

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ योजनेस मान्यता दिली आणि १०,००० हून अधिक प्रोसेसरांचे उद्दिष्ट ठेवले. प्रोसेसर किती, एवढेच मोजून भागणार नाही. जाळे एकाच विक्रेत्याचे असेल तर पुढील प्रत्येक वाढीसाठी त्याच्याच दाराशी उभे राहावे लागते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘परम’ संगणकांसाठी ‘त्रिनेत्र’ हे स्वदेशी जाळे विकसित केले. त्याची एक आवृत्ती सेकंदाला १०० गिगाबिटांची आहे, तर मेटाच्या त्या समूहांत ४०० गिगाबिटांची जोडणी होती. त्रिनेत्राने यापुढे वेगळी भाषा बोलावी की अल्ट्रा इथरनेटच्या नियमांशी जुळवून घ्यावे, हा निर्णय अभियंत्यांच्या बैठकीत होईल. त्या बैठकीत अर्थखात्याचा प्रतिनिधीही बसला पाहिजे.