राणीसाहेबांचे ‘झुक’ मोजा!

काय दोस्तांनो, ‘झुकझुक गाडी’ म्हणता खरं, पण त्यातले ‘झुक’ कधी मोजलेत?

१९९७ साली दिल्ली छावणी स्टेशनापासून राजस्थानातल्या अलवारपर्यंत एक सहलीची गाडी निघाली. पुढे होतं ‘फेअरी क्वीन’, म्हणजे पऱ्यांची राणी! हे इंजिन १८५५ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स शहरात तयार झालं नि जहाजातून कलकत्त्याला आलं. १९०९ मध्ये निवृत्त झालेल्या या आजीबाई तब्बल ८८ वर्षांनी पुन्हा धावायला निघाल्या होत्या! १९९८ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली, नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन.

आपल्या मुंबई-ठाणे गाडीची १८५३ मधली सिंध, सुलतान, साहिब ही इंजिनं मात्र आज कुठेच बघायला मिळत नाहीत.  म्हणून या राणीचं मोल जास्त.

तिचा वेग ताशी जेमतेम ४० किलोमीटर. हात्तिच्या, म्हणाल! पण बघणाऱ्याला हळूच बरं. बाबांएवढं उंच, सहा फुटी चाक फिरताना नीट दिसतं. आणि ऐकूही येतं! कसं, ते सांगतो. वाफ सिलिंडरात शिरते, दट्ट्या पुढे ढकलते. मग पलीकडून शिरून मागे ढकलते. दर वेळी वापरलेली वाफ धुराड्यातून उसळते, तोच ‘झुक’. दट्ट्याच्या एका येरझारीत दोन झुक. सिलिंडर दोन. म्हणजे चाकाचा एक फेरा, चार झुक!

सहा फुटी चाकाचा घेर साधारण पावणेसहा मीटर. समजा, गाडी सुटताना १० सेकंदांत २० झुक ऐकू आले. झाले पाच फेरे, म्हणजे जवळजवळ २९ मीटर. वेग ताशी सुमारे १० किलोमीटर. आहे की नाही गंमत? घड्याळाकडे बघायचं नि कान उघडे ठेवायचे, बस्स. (फलाटावर मागे उभं राहून, बरं का! रुळांजवळ जायचं नाही.)

दार्जिलिंगला गेलात तर तिथल्या वाफेच्या इंजिनावर हाच प्रयोग करा. त्याचं चाक मात्र चिमुकलं, घेर जेमतेम दोन मीटर. मग तिथे १० सेकंदांत २० झुक ऐकू आले, तर वेग किती? काढा वही-पेन्सिल!