परखड सहकाऱ्याचे काय करायचे?

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीची कथा बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन दूरदर्शी होता, म्हणून जिंकला. इंग्लंडचा कॅप्टन स्कॉट चुकला, म्हणून चार सहकाऱ्यांसह प्राणास मुकला. नेतृत्वावरील व्याख्यानांचे हे आवडते उदाहरण. ते अगदीच खोटे नाही. परंतु विजेत्याच्या छावणीतील एक प्रसंग त्यातून नेमका निसटतो. माणसे बरोबर घेऊन काम करणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा असा आहे.

स्कॉटपाशी मोटारीवर चालणाऱ्या घसरगाड्या होत्या. त्या आपल्याआधी पोहोचतील या धास्तीने अमुंडसेनने ८ सप्टेंबर १९११ रोजीच, तिकडची कडाक्याची थंडी ओसरण्यापूर्वी, प्रस्थान ठेवले. हियाल्मार योहान्सेनने या घाईला विरोध केला होता. हा कोणी नवखा नव्हता. १८९५ साली नान्सेनसमवेत त्याने उत्तरेकडे ८६ अंशांपलीकडे मजल मारली होती. तरीही त्याचे ऐकले गेले नाही. पारा उणे ५० अंश सेल्सिअसखाली उतरला, होकायंत्रातील द्रव गोठला, कुत्री गारठून मरू लागली. तेव्हा अमुंडसेन माघारी वळला. हटून बसला नाही, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

मात्र १६ सप्टेंबरला, परतीच्या अखेरच्या टप्प्यात, त्याचे भान सुटले. वेगवान गाडीवर बसून तो पुढे निघून गेला. मागे प्रेस्ट्रुड हा तरुण अधिकारी गोठलेल्या पायांनी कसाबसा येत होता. योहान्सेन त्याच्यासाठी थांबला आणि मध्यरात्र उलटल्यावर त्याला छावणीत घेऊन आला. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्याने सर्वांदेखत अमुंडसेनला जाब विचारला.

शिस्तीचा माणूस म्हणेल, हे एकांतात सांगायला हवे होते. खरे आहे. पण वेळेवर दिलेला सल्ला ऐकला असता, तर ती न्याहारी कडू झालीच नसती! अमुंडसेनने योहान्सेनला ध्रुवाच्या तुकडीतून वगळले आणि दुसऱ्या एका मोहिमेवर, ज्याचा जीव त्याने वाचवला होता त्याच प्रेस्ट्रुडच्या हाताखाली, धाडले. १४ डिसेंबर १९११ रोजी पाच जण ध्रुवावर पोहोचले आणि सुखरूप परतले. योहान्सेनने जानेवारी १९१३ मध्ये आत्महत्या केली. व्यसनाने तो आधीच पोखरला होता. सारा दोष अमुंडसेनच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्या शिक्षेमागे शिस्त किती आणि दुखावलेला अहंकार किती, हा प्रश्न उरतोच.

याउलट शॅकल्टनचे वर्तन पाहावे. त्याचे जहाज बर्फात चिरडून बुडाल्यावर, डिसेंबर १९१५ मध्ये, मॅकनीश या सुताराने नावा ओढण्यास साफ नकार दिला. शॅकल्टनने त्याला कठोरपणे वठणीवर आणले. तरीही एप्रिल १९१६ मध्ये मदत आणण्यासाठी छोट्या नावेतून दक्षिण जॉर्जियाकडे निघताना, निवडक पाच सोबत्यांत त्याने मॅकनीशला घेतले. असंतुष्ट माणूस मागे ठेवण्यापेक्षा नजरेसमोर बरा, हा हिशेब त्यात होताच. पण त्या नावेच्या कडा उंचावून ती सागरयोग्य केली होती याच सुताराने. मागे राहिलेले सारे सोबती पुढे वाचले.

मात्र ध्रुवपदकांसाठी नावे सुचविण्याची वेळ आली, तेव्हा शॅकल्टनने मॅकनीशचे नाव गाळले.