आरोपीला संरक्षण, विद्यार्थ्याला नाही



मुलांचे लक्ष मोजणाऱ्या बिनतारी मेंदूपट्ट्या शाळांत आणाव्यात, असा सूर लावणारा पुरवणीतला लेख वाचला. अपस्माराच्या रुग्णाचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत संकेतांचा आलेख, आता घरबसल्या, दिवसरात्र घेता येतो, ही सोय मोठीच. तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो धडधाकट मुलांच्या डोक्याला पट्ट्या बांधण्याबद्दल.

ईईजी काढून घेतलेल्यांना आठवत असेल: तंत्रज्ञ टेपने डोके मोजतो, खुणा करतो, केस बाजूला सारून पेस्ट लावतो आणि वीसेक इलेक्ट्रोड चिकटवतो. एवढे करूनही पापणी लवली की रेघ उसळते, दात आवळले की आलेखाचा नुसता गिचमिडा होतो. मेंदूतून टाळूपर्यंत पोचणारा विद्युतदाब साधारणपणे व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाइतकाही नसतो. स्नायूंचा विद्युत गोंगाट त्याला सहज गिळतो. मग कपाळाला दोन-तीन कोरडे इलेक्ट्रोड टेकवून चुळबुळ्या पोरांच्या वर्गात ‘एकाग्रता’ मोजली, यावर विश्वास ठेवायचा तो कसा?

चीनमधील जिन्हुआच्या एका प्राथमिक शाळेने हा प्रयोग करून पाहिला. लक्ष असेल तर पट्टीवर लाल दिवा, नसेल तर निळा; आकडे थेट शिक्षकांच्या संगणकावर. 2019 मध्ये तिथल्याच लोकांनी आरडाओरडा केला आणि तो थांबवावा लागला.

आपल्याकडे 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना दोषी ठरवताना मेंदूच्या अशाच विद्युत चाचणीचा आधार घेतला होता. पुढे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्ट केले, की संमतीशिवाय ही चाचणी कोणावरही लादता येणार नाही. खुनाच्या आरोपीलाही ही ढाल मिळाली. आणि पाचवीतल्या मुलाला? 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मुलांवर पाळत ठेवायला मनाई करतो, त्यांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती मागतो. पण नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी शैक्षणिक कामासाठी शाळांना या दोन्ही अटींतून सूट दिली. हजेरी किंवा स्कूलबसपुरती ती समजू शकते. मेंदूचे संकेतही त्याच सवलतीत बसवायला उद्या एखादी कंपनी मागेपुढे पाहणार नाही.

चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका माजी सिनेटरचा मेंदूविदा पुसून टाकण्याचा आदेश मेंदूपट्टी विकणाऱ्या कंपनीला दिला. तो माणूस स्वतः कायदे करणारा, म्हणून लढू शकला. आपला पालक प्रवेश टिकवण्याच्या काळजीत असतो, शाळेने पुढे केलेल्या कागदावर तो मुकाट सही करतो.

केंद्राने शाळांना दिलेल्या सवलतीतून मेंदूचे संकेत स्पष्ट शब्दांत वगळावेत. तोवर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळा आणि खासगी क्लास दोन्हींना लागू होईल असा आदेश काढावा: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणत्याही मुलाच्या डोक्याला असे यंत्र लावायचे नाही.

– एक पालक, पुणे